घुमट पांढरा होईपर्यंत

गंजगोलाईच्या मागच्या दुकानात
संगमेश नावाचा पोरगा मला सांगतो,
ताई, हा ओव्हन स्वतःला स्वतःच घासतो.

कशानं? मी आत डोकावले.
ब्रश नाही, नळ नाही.
तापानं, तो म्हणाला.
बटण दाबलं की दार कुलूप लावून घेतं,
आतली धग पाचशेच्या घरात जाते
आणि दोन-तीन तास तिथंच बसते.
उडालेलं लोणी, उतू गेलेला पाक,
कोपऱ्यात करपून चिकटलेलं चीज,
सगळ्याची राख. चिमूटभर.
गार झाल्यावर ओल्या फडक्यानं टिपायची.

मी काहीच बोलले नाही.
मला उदगीरची खाजामियाँची भट्टी दिसत होती.
दिवाळीच्या आधी आम्ही पोरी
डोक्यावर नानकटाईचे पत्र्याचे ट्रे घेऊन रांगेत,
फ्रॉकवर तुपाचे डाग.
बाभळीचा जाळ लागला की घुमट आधी काळाठिक्कर पडायचा.
आम्ही घाई करायचो.
ठैरो बेटी, अभी काली है.
मग ते काळंच जळायला लागायचं,
वरून खाली, हळूहळू,
आणि आतली वीट न् वीट पांढरी निघायची.
काठीला बांधलेलं ओलं पोतं तो एकदा आतून फिरवायचा.
चर्रर्र.
लाव आता ट्रे.

तर संगमेश, तुझी ही नवलाई
मी दोन रुपये ट्रेच्या भावात बघितलेली आहे.

पण ते दिवाळीपुरतं. आता रोजचं बघ.
आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो.
मी रात्री सोड्याचा लेप लावते,
सकाळी उलथण्यानं खरवडते,
आणि दोन बादल्या जातात.
एप्रिलात दोन बादल्या म्हणजे काय
ते लातूरकराला सांगायला नको.
इथं मी जवळजवळ हो म्हणाले होते.

त्यानं माहितीपत्रक उलटं केलं.
पाठीमागं मुंगीएवढी अक्षरं:
जाळ्या आधी बाहेर काढाव्यात.
खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
घरात पाखरू असल्यास दुसरीकडं हलवावं.
पाखरू कामून रे?
धुरानं, ताई. त्यांचा जीव केवढुसा.

आमच्या शेजारी अनसूयाबाईंचा राघू आहे.
माझ्या ओव्हनची घंटी हुबेहूब वाजवतो.
त्याच्यापायी दोनदा कच्चा केक बाहेर काढलाय मी.
तरीपण.

आणि मधेच लाईट गेली तर?
संगमेशनं डोकं खाजवलं.
दार उघडणार नाही, गार होईपर्यंत.
मीटरपासून जाडी वायर नवी ओढावी लागेल.
साध्यापेक्षा तीस हजार जास्त.

मग त्यानं दुसरा दाखवला, खरबरीत भिंतींचा.
भाजता भाजताच तेलकट खातो म्हणे.
पण साखर त्याला पचत नाही,
आणि माझ्याकडं साखरच सांडते.
तिसरा पेलाभर पाणी मागतो.
वीस मिनिटं वाफ. मळ फुगतो, जात नाही.
पुसायला शेवटी आपलाच हात.

रोज कोंबडी भाजणाऱ्यानं पहिला घ्यावा.
चरबीला आगच बरी,
आणि त्याच्या भिंती जाड असतात, धग राखतात,
हे खोटं नाही.
मी आठवड्याला चार केक करते
आणि ऑर्डर आलीच तर नानकटाई.
मी पेलाभर पाण्याचा घेतला.
संगमेशचं तोंड उतरलं; वायरीचे पैसे माझे वाचले.

जुना ओव्हन अजून ओट्यावरच आहे.
द्यायच्या आधी शेवटचा धुवावा
म्हणून रात्री त्याला सोडा फासला,
दिवा घालवला.
अंधारात घंटी वाजली.
मी उठले, हातमोजे चढवले,
अर्ध्या वाटेवर आठवलं
आत काहीच नाही.